किचन लावायचंय? सुताराच्या आधी दोरा आणा

घराचं काम काढलं की पहिला विषय ट्रॉल्यांचा निघतो, कुठल्या बसवल्या, किती पडले, सॉफ्ट क्लोज घेतलं का, आणि मग आपण मोबाईलमध्ये वीसेक किचनचे फोटो साठवतो आणि फर्निचरवाल्याला दाखवतो की बघा हे असं पाहिजे. मीही तेच केलं होतं. डोंबिवलीतला फ्लॅट, किचन सात बाय नऊ, फर्निचरवाल्यानं ओट्याखाली एक इंच जागा न सोडता ट्रॉल्या भरल्या, वर छतापर्यंत कपाटं, रंग छान, हँडल छान. आणि महिनाभरात माझी कंबर दुखायला लागली, पोळ्या करताना खांदे वर यायला लागले आणि दिवसातून पन्नास वेळा मागं वळून फ्रीजशेजारच्या कपाटात वाकायला लागलं. फोटोतल्यासारखं किचन मिळालं होतं पण स्वयंपाक करायला सोयीचं नव्हतं. नंतर मी ते हळूहळू सगळं बदललं, जास्त खर्च न करता, आणि ते कसं केलं तेच इथं सविस्तर लिहितेय.

आधी हे सलग ओट्याचं, बंद कपाटांचं, छोटं नीटनेटकं किचन आलं कुठून ते सांगायला हवं, नाहीतर पुढची मोजामोजी कशासाठी तेच कळणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची प्रचंड टंचाई होती. फ्रँकफर्ट शहरात १९२५ पासून अर्न्स्ट माय या आर्किटेक्टच्या हाताखाली नगरपालिकेनं मोठ्या वसाहती बांधायला घेतल्या, कामगार आणि साध्या नोकरदार लोकांसाठी, म्हणजे घरं लहान आणि पैसा मोजका. तोवर अशा कुटुंबांची तऱ्हा काय होती, तर एकाच खोलीत चूल, तिथंच जेवण, तिथंच अंघोळ आणि रात्री तिथंच कोणीतरी झोपणार. जुन्या चाळीतली मोरीवाली खोली ज्यांनी बघितलीय त्यांना हे वेगळं समजवायला नको. मायनी व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्टला बोलावून घेतलं, आणि या बाईंनी १९२६ मध्ये जे किचन काढलं ते फ्रँकफर्ट किचन म्हणून जगभर गेलं. माप साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, आपल्या भाषेत सव्वासहा बाय सव्वाअकरा फूट, म्हणजे सत्तर स्क्वेअर फुटांच्या आसपास. माझं सात बाय नऊचं किचन त्रेसष्ट होतं. म्हणजे फार फरक नाही, जागेचं रडगाणं गायला मला जागाच उरली नाही! असली जवळजवळ दहा हजार किचनं त्या वसाहतींमध्ये बसली.

सलग ओट्याची कल्पना लिहोत्स्कीबाईंच्या आधीही होती, १९२३ मध्ये जर्मनीतल्याच वायमारला बाउहाउस या डिझाइन शिकवणाऱ्या शाळेनं जे नमुन्याचं घर बांधलं त्याच्या किचनमध्ये बेनिटा ओटे यांनी ते करून दाखवलं होतं. पण ते एक घर होतं. दहा हजार घरांत जाणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि मॉडर्न डिझाइन सामान्य माणसाच्या घरात शिरलं ते असं, ओट्यावरून आणि भाड्याच्या घरांतून, काचेच्या उंच बिल्डिंगा फार नंतरच्या.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. लिहोत्स्कीबाईंनी स्वतः सांगून ठेवलंय की ते किचन काढेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता. ऐकून आधी राग येतो, की जिनं कधी चूल पेटवली नाही तिनं आम्हाला किचन कसं असावं ते शिकवायचं! पण नीट विचार केल्यावर मला वाटतं की म्हणूनच ते जमलं. सवय नव्हती, त्यामुळे मोजावं लागलं. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक नावाच्या बाईंनी कारखान्यात कामगारांच्या हालचाली मोजतात तशी घरकामाची मोजणी केली होती, ते लिहोत्स्कीबाईंनी वाचलेलं होतं. मग स्टॉपवॉच घेऊन कुठल्या कामाला किती वेळ, किती पावलं ते त्यांनी बघितलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन बघितलं, जिथं इवल्याशा जागेत गाडीभर लोकांचं जेवण निघतं. आपली गोष्ट उलटी आहे, आपल्याला वीस-वीस वर्षांची सवय असते, आणि सवय पावलं लपवते. आपण किती चालतो ते आपल्याला दिसतच नाही. म्हणून दोरा लागतो.

तर पहिलं काम हे. ग्राफ पेपर घ्या, एक फूट म्हणजे दोन सेंटीमीटर असं धरून किचनचा नकाशा काढा, सात बाय नऊचं किचन साध्या ए-फोर कागदावर आरामात मावतं. तो कागद थर्माकोलवर चिकटवा आणि जिथं जिथं आपण थांबतो तिथं टाचणी लावा: फ्रीज, सिंक, चिरायची जागा, शेगडी, मिसळणाचा डबा, पिठाचा डबा, भांड्यांची मांडणी, कचरा, कुकर ठेवायची जागा, आणि जेवायला बसतो ती जागा. आता तुम्ही नेहमीसारखा पूर्ण स्वयंपाक करा, वरण भात भाजी पोळी, आणि घरातल्या कोणाला तरी, शाळेतलं पोरगं असेल तर उत्तम, दारात बसवून तुम्ही कुठून कुठं गेलात ते फक्त क्रमानं लिहायला सांगा. काही सुचवायचं नाही, मदत नाही, फक्त लिहायचं. संध्याकाळी ती यादी घेऊन दोरा एका टाचणीवरून दुसऱ्या टाचणीवर त्याच क्रमानं फिरवा आणि शेवटी दोरा सोडवून मोजा. या मापात दोऱ्याचा एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा फूट चाल.

माझा दोरा सव्वाआठ मीटर भरला. म्हणजे एका वेळच्या जेवणासाठी चारशे फुटांच्या वर चालणं, तेही सात बाय नऊच्या खोलीत. लांबीपेक्षा महत्त्वाचं हे की दोरा कुठं जाड झालाय ते डोळ्यांनी दिसतं. माझ्याकडे दोन ठिकाणी झुबका झाला होता, एक पिठाच्या डब्याकडे जो ओट्याच्या पार विरुद्ध बाजूला खालच्या कपाटात होता, आणि दुसरा कचऱ्याकडे, कारण कचऱ्याचा डबा मी "दिसायला बरं नाही" म्हणून बाल्कनीत ठेवला होता. कांद्याचं साल, मिरचीचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, प्रत्येक वेळी बाल्कनी. हे तीन दिवस करा, एक दिवस नको, कारण सोमवारची घाई आणि रविवारचा स्वयंपाक यात खूप फरक असतो. आणि तीन दिवस एकही वस्तू हलवू नका, कितीही हात शिवशिवले तरी.

मग मांडणी. इथं तुम्हाला कोणीही फर्निचरवाला त्रिकोण सांगेल, फ्रीज सिंक शेगडी, आणि तिन्ही बाजूंची बेरीज तेरा ते सव्वीस फूट असावी. हे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या कामातून १९४० च्या दशकात आलं आणि चुकीचं नाहीये, पण ते पोळ्या न लाटणाऱ्या घरासाठी आहे. आपल्याकडे चौथा कोपरा आहे, पोळपाटाचा. कणीक, परात, पोळपाट, लाटणं, लावायचं पीठ, तेल, तूप, पोळ्यांचा डबा आणि तवा हे सगळं एका जागी पाहिजे, आणि ती जागा शेगडीला लागून, उजव्या हातानं लाटणाऱ्यांनी तव्याच्या कुठल्या बाजूला उभं राहिलं की हात आडवा जात नाही ते दोन दिवस दोन्हीकडून लाटून बघावं. मी डावीकडे पोळपाट, उजवीकडे तवा असं केलं.

वस्तू जातीप्रमाणे ठेवायच्या नाहीत, कामाप्रमाणे ठेवायच्या, हे एवढं एक वाक्य पाळलं तरी अर्धं काम होतं. आपण सगळे चमचे एकीकडे, सगळे डबे एकीकडे, सगळी पातेली एकीकडे ठेवतो. त्यापेक्षा फोडणीचा एक कोपरा करा: मिसळणाचा डबा, तेल, हिंग, पळी, कालथा, सांडशी, मीठ, गूळ, हे सगळं शेगडीपासून पाय न हलवता हाताला आलं पाहिजे. कुकरच्या कोपऱ्यात डाळ आणि तांदूळ, तिथंच मापाची वाटी, तिथंच शिट्टी, आणि हा कोपरा सिंकच्या जवळ कारण डाळ-तांदूळ धुवायचे असतात. दोन पळ्या लागल्या तर दोन घ्या. पन्नास रुपयांची पळी वर्षभराचं चालणं वाचवते.

भांडी घासायच्या बाजूला पण क्रम असतो. उजव्या हातात घासणी असेल तर ताट डाव्या हातात राहतं, मग खरकटी भांडी उजवीकडे, सिंक मध्ये आणि निथळायची मांडणी डावीकडे, असं असलं की हात उलटसुलट होत नाहीत. फ्रँकफर्ट किचनमध्ये सिंकजवळ ताटं उभी निथळायची जाळी होती, पुसायचं कामच वाचलं. आपली भिंतीवरची स्टीलची मांडणी तेच काम करते आणि माझ्या मते ती बंद कपाटापेक्षा कितीतरी चांगली, पण आजकाल ती जुनाट दिसते म्हणून लोक काढून टाकतात आणि मग ओली भांडी ट्रॉलीत जातात आणि पावसाळ्यात ट्रॉलीला वास येतो. मांडणी काढू नका. फार तर तिची जागा बदला.

आता उंची, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त त्रास इथं होतो आणि कोणी विचारतच नाही. घरात नेहमी घालता त्या चपला घालून सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची कोणाला तरी मोजायला लावा. चिरण्या-निवडण्याच्या कामाला ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण साडेसदतीस इंचावर येतं, म्हणजे तिला ओटा साडेएकतीस ते साडेतेहेतीस इंच हवा, आणि बऱ्याच ठिकाणी चौतीस-पस्तीसचा ओटा बांधून ठेवलेला असतो. लाटायला तर वरून जोर द्यावा लागतो, तिथं अजून दोनतीन इंच खाली पाहिजे. आणि शेगडी ओट्यावर ठेवली की ती स्वतःच पाचसहा इंच वर, त्यावर उंच पातेलं, म्हणजे आमटी ढवळताना हात खांद्याच्या उंचीला. माझे खांदे दुखत होते ते यामुळे.

ओटा फोडायच्या आधी खोटा ओटा करून बघा. डायनिंग टेबल साधारण तीस इंचाचं असतं, त्यावर पोळपाट ठेवून चार दिवस लाटा. उंच वाटलं, बुटकं वाटलं तर पोळपाटाखाली जुनी वर्तमानपत्रं घालून कमी-जास्त करा आणि जिथं खांदे सैल पडतात ते माप भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवा. मला साडेतीस इंच बरोबर आलं. मग पूर्ण ओटा न तोडता मी एकच ट्रॉली काढून टाकली आणि त्या जागी त्या उंचीला बाहेर ओढायची जाड फळी बसवून घेतली. आणि शेगडीचा भाग तेवढा कापून चार इंच खाली घेतला, कडप्पावाल्यानं एका दिवसात करून दिलं. तुमच्या घरात दोन वेगळ्या उंचीची माणसं स्वयंपाक करत असतील तर ओटा बुटक्या माणसाच्या मापाचा करा आणि उंच माणसाला जाड लाकडी पाट द्या चिरायला. उलटं करता येत नाही.

आणि स्टूल! त्या जुन्या फ्रँकफर्ट किचनमध्ये खिडकीपाशी कामाचा ओटा होता आणि त्याच्यासमोर फिरतं, उंची कमी-जास्त होणारं स्टूल होतं. म्हणजे ज्या किचनपासून हे सगळं सुरू झालं त्यात बाई बसून काम करणार हे धरलेलंच होतं. आपल्याकडे आजीच्या वेळी पाटावर बसून विळीवर भाजी चिरायचे, मग उभा ओटा आला तो फार सोयीचा झाला, वाकणं उठणं गेलं, पण बसणंही गेलं. ओट्याखाली पूर्ण ट्रॉल्या भरल्या की गुडघे जायला जागाच राहत नाही. म्हणून कुठंतरी दोन फूट रुंद जागा ओट्याखाली मोकळी ठेवा. फर्निचरवाला नाही म्हणेल, स्टोरेज वाया जातं म्हणेल, ऐकू नका. माझ्याकडे आई येते तेव्हा तिथं बसून मटार सोलते, मेथी निवडते, आणि तिचे गुडघे दुखत असून ती किचनमध्ये माझ्याबरोबर असते. शक्य असेल तर ही जागा खिडकीखाली घ्या.

खिडकीवरून उजेडाचं आठवलं. लिहोत्स्कीबाईंनी छताला पट्टी लावून त्यावर सरकणारा दिवा दिला होता, जिथं काम तिथं दिवा. आपल्याकडे ट्यूब खोलीच्या मधोमध किंवा मागच्या भिंतीवर, म्हणजे ओट्यावर आपलीच सावली पडते आणि त्या सावलीत आपण कांदा चिरतो. वरच्या कपाटाच्या पुढच्या कडेला खालून एलईडी पट्टी लावून घ्या, स्वस्तात होतं, आणि रोज संध्याकाळी फरक जाणवतो.

साठवणीबद्दल त्या किचनमधली एक फार सुंदर गोष्ट म्हणजे अॅल्युमिनियमचे खण. साखर, तांदूळ, रवा असल्या वस्तूंचे, मागं धरायला मूठ आणि पुढं चोच, खण बाहेर काढला की सरळ पातेल्यात ओतायचा. पिठासाठी मात्र ओकच्या लाकडाचा खण, कारण ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पिठाला किडे लागत नाहीत असं धरलं होतं. किती बारीक विचार! पण दोन चुका झाल्या. खणांवर नावं आधीच छापलेली होती आणि प्रत्येक घर वेगळं खातं, त्यामुळे लोकांनी नावाप्रमाणे भरलेच नाहीत. आणि काही खण इतके खाली होते की रांगतं पोर ओढून सगळं सांडायचं. यातून घ्यायचं ते असं की रोजचे डबे गुडघा ते खांदा या पट्ट्यात ठेवा, ओतता येतील असे घ्या, आणि नावं पेन्सिलनं किंवा चिकटपट्टीवर लिहा, कारण बाजरी संपल्यावर त्यात नाचणी येणारच आहे. वर्षाचं धान्य, दिवाळीचे झारे, मोठी पातेली यांनी वरचा माळा भरा, रोजची एकही गोष्ट तिथं नको. रंगाचं म्हणाल तर तिथं बरीचशी निळसर हिरवी किचनं होती कारण निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानलं जायचं, तुम्ही तुम्हाला आवडेल तो द्या.

कचऱ्यासाठी त्यांच्या कामाच्या ओट्यातच सोय होती, चिरलं की साल हातानं तिथंच लोटायचं. मी ओट्याच्या कडेला अडकवायचं झाकणाचं छोटं भांडं आणलं, ओला कचरा त्यात आणि दिवसातून एकदाच बाहेर. दोऱ्यातला बाल्कनीचा झुबका पूर्ण गेला. पायानं उघडणारा डबा घेतलात तरी चालेल, त्याचं श्रेय लिलियन गिल्ब्रेथ या अमेरिकन इंजिनियर बाईंना देतात, बारा मुलांची आई होती ती, तिला माहीत होतं दोन्ही हात कसे भरलेले असतात ते.

आता या सगळ्यात एक खोट आहे आणि ती मी लपवणार नाही. फ्रँकफर्ट किचन एकाच माणसासाठी होतं. ती बाई तिथं एकटी, दार सरकवलं की जेवणाच्या टेबलापर्यंत तीनेक मीटर, पोरांवर लक्ष ठेवता यावं म्हणून, पण दुसरं माणूस आत आलं की अडचणच. बऱ्याच कुटुंबांना जुनं टेबलवालं किचन आठवायचं. लिहोत्स्कीबाईंचा हेतू चांगला होता, काम लवकर संपलं तर बाईला स्वतःसाठी वेळ मिळेल, नोकरी करता येईल. पण काम बाईचंच हे किचनच्या मापातच बसून गेलं. पुढं या बाई नाझींच्या विरोधात काम करताना १९४१ मध्ये पकडल्या गेल्या, युद्ध संपेपर्यंत तुरुंगात होत्या, शंभरी पार करून २००० मध्ये गेल्या, आणि लोक आयुष्यभर फक्त त्या एका किचनबद्दल विचारत राहिले याचा त्यांना वैताग यायचा.

आपण माप घेताना दुसऱ्या माणसाची जागा आधीच धरायची. समोरासमोर ओटे असतील तर मधे चार फूट ठेवा, साडेतीनच्या खाली जाऊ नका. तेवढी जागा नसेल तर काम बाहेर काढा. मी चहाचा कोपरा किचनच्या दाराबाहेर नेला, छोटी फळी, इलेक्ट्रिक किटली, चहा साखर कप, आणि खाली बिस्किटांचा डबा. आता सकाळचा चहा नवरा करतो, मुलगा स्वतःचं दूध स्वतः घेतो, आणि मी पोळ्या लाटत असताना कोणी माझ्या मागून फ्रीज उघडायला येत नाही. भाजी चिरायची जागाही दाराशेजारी घेतली, म्हणजे दुसऱ्या माणसाला आत न घुसता मदत करता येते.

सगळं लावून झाल्यावर पंधरा दिवस जाऊ द्या, हाताला नवीन जागा कळायला तेवढे लागतातच, आणि मग परत दोरा. माझा पाच मीटरच्या आत आला. नकाशा फेकू नका, नवीन मिक्सर, एअर फ्रायर काहीही घरात आलं की आधी टाचणी लावून बघायची. आणि तुमच्यापैकी कोणी नोकरीनिमित्त फ्रँकफर्टला असाल तर रोमरश्टाट वसाहतीतलं अर्न्स्ट माय हाउस बघायला नक्की जा, तिथं मूळ किचन दुरुस्त करून ठेवलंय, व्हिएन्नाच्या माक या डिझाइन आणि उपयोजित कलांच्या म्युझियममध्ये पण एक उभं केलंय. जाल तेव्हा ओट्यापाशी उभं राहून तो तुमच्या कोपराच्या किती खाली येतो ते बघून या आणि मला कळवा.